मुलींची दुर्मीळ नावं आणि त्यांचे अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्मीळ नाव नेमकं कशाला म्हणायचं?

भाषेत जो शब्द आहे, ज्याला अर्थ आहे, पण नाव म्हणून जो क्वचितच ठेवला जातो, ते दुर्मीळ नाव. दोन-तीन गोड अक्षरं जोडून केलेला आणि मागाहून 'लक्ष्मीचं एक नाव' असा अर्थ चिकटवलेला शब्द नवा असतो, दुर्मीळ नव्हे. असं नाव ठेवू नये असं नाही. आवडलं म्हणून ठेवलं, एवढं कारण पुरेसं आहे. पण मग मुलीला त्याचा खोटा अर्थ सांगू नये. संस्कृतात, प्राकृतात आणि मराठीत न वापरलेल्या नावांचा साठा एवढा मोठा आहे की अर्थ रचायची वेळच येत नाही.

नावाचा दिलेला अर्थ खरा आहे, हे कसं तपासायचं?

नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे दहा ठिकाणी तोच अर्थ दिसला म्हणजे तो खरा ठरत नाही. शब्दकोश उघडावा. संस्कृत शब्दासाठी आपटे किंवा मोनियर-विल्यम्स, मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. हे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पुराणातलं किंवा वेदातलं नाव असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या प्राचीन चरित्रकोशात त्या व्यक्तीची पूर्ण कथा मिळते.

कोशात चार गोष्टी पाहाव्यात. शब्द मुळात आहे का? तो स्त्रीलिंगी आहे का? दिलेल्या अर्थांपैकी पहिला कोणता? आणि एखादा वाईट अर्थ शेवटी दडलेला आहे का? ही चौथी पायरीच बहुतेक जण गाळतात. 'परिवादिनी' म्हणजे सात तारांची वीणा, हे खरं आहे. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ निंदा करणारी असा आहे. 'वारुणी' म्हणजे वरुणाची शक्ती, आणि मद्यसुद्धा. 'कृत्या' ऐकायला 'कृती'च्या जवळचं वाटतं, पण ती अभिचारातून, म्हणजे जारणमारणातून उत्पन्न केलेली संहारक शक्ती आहे. 'मृषा' म्हणजे खोटं. 'निर्ऋती' ही विनाशाची देवता.

'संस्कृत' म्हणून सांगितली जाणारी कोणती नावं संस्कृत नाहीत?

सध्या जास्त विचारली जाणारी दोनच सांगतो. 'कियारा' हे युरोपीय नाव आहे. इटालियनमध्ये त्याच्या जवळच्या नावाचा अर्थ स्वच्छ, तेजस्वी असा होतो. 'अनाया'चा अर्थ 'काळजी, कृपा' असा दिला जातो, तो अरबी 'इनाया'चा आहे. संस्कृतात जवळचा शब्द 'अनय' आहे आणि तो अनीती किंवा दुर्दैव या अर्थाचा आहे. परभाषेतलं नाव ठेवण्यात काहीच गैर नाही, फक्त ते कुठून आलं हे माहीत असावं.

वेगळी पण खरी नावं शोधायची कुठे?

देवींच्या सहस्रनामांपासून सगळेच सुरुवात करतात, त्यामुळे तिथली सोपी नावं संपत आली आहेत. आम्ही पुढच्या जागा सुचवू.

चंद्राच्या रात्री. आपल्याकडे पौर्णिमा आणि अमावास्या यांना प्रत्येकी दोन नावं आहेत. पूर्ण बिंब दिसतं ती पौर्णिमा 'राका', एक कला उणी असते ती 'अनुमती'. चंद्राची पुसट रेघ दिसते ती अमावास्या 'सिनीवाली', अजिबात दिसत नाही ती 'कुहू'. ऋग्वेदात राका आणि सिनीवाली यांना देवता म्हणून आवाहन केलं आहे. नाव म्हणून 'राका' सर्वांत चांगलं : दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, अर्थ निखळ. 'कुहू' म्हटलं की आज कोकीळच आठवते, त्यामुळे अमावास्येचा अर्थ मागे पडतो; तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना तो आधी सांगून ठेवावा. 'अनुमती' सुंदर आहे, पण मराठीत त्याचा परवानगी हा अर्थ इतका रुळलेला आहे की तोच पहिल्यांदा ऐकू येईल.

रात्र आणि पहाट. 'शर्वरी' आणि 'विभावरी' ओळखीची झाली आहेत, 'क्षणदा' अजून नाही. तीही रात्रच. 'अहना' हे ऋग्वेदात उषेसाठी आलेलं नाव आहे. मात्र 'तमिस्रा' टाळावं, ती काळोखी रात्र.

वृत्तं. कवितेच्या वृत्तांची बरीच नावं स्त्रीलिंगी आहेत आणि त्यांचा स्वतंत्र अर्थही लागतो. मालिनी (१५ अक्षरं) आणि शालिनी (११) घरोघरी आहेत. त्यांच्याच शेजारच्या प्रहर्षिणी (१३), मंजुभाषिणी (१३), रुचिरा (१३), शिखरिणी (१७), मंदाक्रांता (१७) आणि स्रग्धरा (२१) यांच्याकडे फार कमी लोक वळतात. मंजुभाषिणी म्हणजे गोड बोलणारी, स्रग्धरा म्हणजे माळ धारण करणारी, मंदाक्रांता म्हणजे संथ पावलांची. मेघदूत याच मंदाक्रांता वृत्तात आहे. शिखरिणीचा अर्थ शिखरं असलेली. दही-साखरेच्या एका जुन्या पक्वान्नालाही हेच नाव आहे. मराठीचं स्वतःचं म्हणाल तर 'ओवी' आहेच, पण ते आता तितकंसं दुर्मीळ राहिलेलं नाही.

श्रुती. श्रुती म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म नाद. सप्तकातल्या २२ श्रुतींना प्रत्येकी नाव आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या संगीतरत्नाकरात ती सापडतात. षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या चार श्रुती तीव्रा, कुमुद्वती, मंदा आणि छंदोवती. पुढे दयावती, रंजनी, प्रसारिणी, प्रीती, क्षिती, संदीपनी, आलापिनी, रम्या. यातली 'आलापिनी' आणि 'छंदोवती' आम्हाला विशेष आवडतात. घरात गाणं असेल तर ही नावं आपसूक बसतात. क्रोधा, रौद्री, उग्रा आणि क्षोभिणी याही श्रुतीच आहेत, पण संगीताबाहेर त्यांचा अर्थ कुणी समजावून घेणार नाही. 'मंदा'चंही तसंच. वाद्यांमध्ये 'विपंची' आणि 'वल्लकी' या वीणा पाहाव्यात.

इच्छावाचक शब्द. संस्कृतात 'करण्याची इच्छा', 'जाणण्याची इच्छा' असा अर्थ एका शब्दात आणायची सोय आहे. जिज्ञासा सगळ्यांना माहीत आहे. त्याच घडणीतली : जिजीविषा (जगण्याची इच्छा), चिकीर्षा (काही करून दाखवण्याची इच्छा), विवक्षा (बोलण्याची, सांगण्याची इच्छा), ईप्सा (मिळवण्याची इच्छा) आणि तितिक्षा (सहनशीलता). इथे चुकायला मात्र फार वाव आहे. जुगुप्सा म्हणजे किळस, लिप्सा म्हणजे हाव, बुभुक्षा म्हणजे भूक आणि जिघांसा म्हणजे ठार मारण्याची इच्छा. नाद सारखाच, म्हणून कानावर भरवसा ठेवू नये.

शिलालेख आणि जुनी मराठी. नाणेघाटाच्या लेखातली सातवाहन राणी नागनिका, तिचंच 'नायनिका' हे रूप, नाशिकच्या लेण्यातल्या लेखातली गौतमी बलश्री, वाकाटकांची प्रभावती. यातलं 'बलश्री' आज कुणाचं नाव म्हणून ऐकू येत नाही आणि ते येण्यासारखं आहे. 'नायनिका'चा अर्थ काही ठिकाणी 'सुंदर डोळ्यांची' असा देतात, पण लेखातल्या नावाचा संबंध नागाशी आहे. शिवाजी महाराजांच्या घरातली सई, सगुणा, राणू, दीपा ही नावंही छोटी आणि ठसठशीत. 'सई' पुन्हा रुळलं, 'राणू' अजून वाट पाहतंय. संतांच्या मांदियाळीत सोयरा, निर्मळा, वेणा. महानुभावांत धवळे, म्हणजे लग्नगीतं रचणारी महदाइसा. थेट मराठी शब्द हवा असेल तर पालवी, साजिरी, ओंजळ, विराणी. विराणी हे विरहगीत आहे, हे लक्षात ठेवून ठरवावं.

नदीचं नाव ठेवताना काय पाहावं?

नदीची कथा आणि नावाचे इतर अर्थ, दोन्ही. 'विपाशा' म्हणजे आजची बियास. पाशांनी स्वतःला बांधून उडी घेतलेल्या वसिष्ठांना तिने मोकळं केलं, अशी महाभारतातली कथा. म्हणून ती पाशमुक्त करणारी. 'वितस्ता' ही झेलम, 'वेत्रवती' ही बेतवा, 'रेवा' ही नर्मदा. 'असिक्नी' म्हणजे चिनाब, आणि शब्दाचा अर्थ काळी. आपल्याकडच्या नद्यांमध्ये प्रवरा (श्रेष्ठ), वेण्णा, वारणा, इंद्रावती ही नावं चांगली आहेत. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निघणाऱ्या 'प्राणहिता'चं नाव तर अर्थाने फारच सुंदर आहे : प्राणांना हितकर. 'नीरा' म्हटलं की ताडामाडाचं पेयही आठवतं. 'वैतरणा' ठेवू नये, कारण ऐकणाऱ्याला यमलोकाच्या वाटेवरची वैतरणीच आठवते.

लोपामुद्रा, अपाला, घोषा ही ऋषिकांची नावं कशी आहेत?

मंत्र रचणाऱ्या स्त्रियांची म्हणून ही नावं ठेवावीशी वाटतात आणि ते योग्यच आहे. पण कथा आधी वाचावी. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातली अपाला आणि दहाव्यातली घोषा, दोघींच्या कथेत त्वचारोग आणि त्यामुळे आलेला एकटेपणा आहे. शिवाय 'अपाला'चा शब्दशः अर्थ रक्षण नसलेली असा होतो. 'लोपामुद्रा' भारदस्त आहे. फक्त घरी त्याचं 'लोपा' होणार आणि लोप म्हणजे नाहीसं होणं. हाक मारायला 'मुद्रा' हा भाग घ्यावा. पाचव्या मंडलातली 'विश्ववारा' (सर्वांनी वरावी अशी) मात्र अर्थाने, कथेने आणि उच्चाराने निर्धोक आहे. 'शाश्वती' मराठीत खात्री या अर्थाने रोज वापरलं जातं. तो अर्थही चांगलाच असल्याने अडचण नाही.

'अ', 'अन्' किंवा 'निर्' ने सुरू होणारं नाव नकारार्थी होतं का?

पुढे काय नाकारलं आहे त्यावर ते ठरतं. अनघा म्हणजे पाप नसलेली, अनवद्या म्हणजे दोष नसलेली, अनिंदिता म्हणजे जिची निंदा होत नाही ती, अनसूया म्हणजे जिच्यात मत्सर नाही ती. ही सगळी उत्तम नावं. गंमत 'अनुत्तमा'ची आहे : जिच्याहून उत्तम कुणी नाही ती. ललितासहस्रनामात ते आलं आहे. पण मराठी कानाला 'उत्तम नसलेली' असंच ऐकू येतं आणि मुलीला ते आयुष्यभर समजावून सांगावं लागेल. आम्ही सुचवणार नाही.

संस्कृतात अर्थ चांगला, पण मराठीत वेगळा, असं कोणत्या नावांत होतं?

'शिक्षा' हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. 'चेष्टा' संस्कृतात हालचाल, प्रयत्न, मराठीत थट्टा. 'प्रेयसी' संस्कृतात अधिक प्रिय, मराठीत लग्नाआधीची प्रेमिका. त्याऐवजी त्याच धाटणीचं 'श्रेयसी' घ्यावं. अर्थ अधिक कल्याणकारी, आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. मूल ज्या भाषेत वाढणार त्या भाषेतला अर्थ कोशातल्या अर्थावर मात करतो.

मुलाच्या नावाला 'आ' लावला की मुलीचं नाव होतं का?

पुष्कळदा होतं, नेहमी नाही. 'मय' असलेल्या शब्दांना 'ई' लागते : मृण्मयी, चिन्मयी, हिरण्मयी. 'वान' असेल तर 'वती'. 'स्वी' ने संपणारे शब्द पुल्लिंगी असतात, म्हणून तेजस्वी, यशस्वी, ओजस्वी यांची स्त्रीलिंगी रूपं तेजस्विनी, यशस्विनी, ओजस्विनी. आज मुलींची नावं 'यशस्वी', 'मनस्वी' अशी सर्रास ठेवतात आणि मराठीत विशेषण म्हणून ती चालतातही. पण व्याकरणशुद्ध रूप हवं असेल तर 'मनस्विनी' आहे. 'तन्वी' आणि 'साध्वी' मात्र मुळातच स्त्रीलिंगी आहेत.

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर खरंच काही बिघडतं का?

बिघडतं, कधीकधी अर्थच उलटतो. 'द्युती' म्हणजे तेज; 'यु' ऱ्हस्वच हवा, कारण 'द्यूत' म्हणजे जुगार. 'शीला' म्हणजे चारित्र्यवान, 'शिला' म्हणजे दगड.

शेवटच्या अक्षराचा नियम सोपा आहे. संस्कृतात अदिति, द्युति, प्रीति असं ऱ्हस्व असलं तरी मराठीत अंत्य इकार-उकार दीर्घ लिहितात : अदिती, द्युती, प्रीती. हिंदी यादीतून नाव उतरवलं की इथेच चूक होते. जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत नाव असतं, म्हणून अर्जात मराठी रूप स्वतः सुवाच्य लिहावं आणि दाखला हातात आल्यावर तिथेच मात्रा-वेलांट्या तपासाव्यात.

इंग्रजी स्पेलिंग कसं ठरवावं?

तीन अक्षरं त्रास देतात. 'ऋ' आपण 'रु' म्हणतो, म्हणून ऋता, ऋजुता, ऋतंभरा यांचं स्पेलिंग 'आर-यू' ने करावं. 'आर-आय' केलं तर मराठी माणूसही 'रिता' वाचेल, आणि रिता म्हणजे रिकामा. 'ज्ञ' आपल्याकडे 'डी-एन-वाय', उत्तरेत 'जी-वाय'. ज्ञानदा हे नाव महाराष्ट्राबाहेर वेगळंच उच्चारलं जाणार, हे धरून चालावं. 'ळ' ला इंग्रजीत चिन्हच नाही, म्हणून बकुळा परप्रांतात बकुला होते. जाई-जुईतला 'ज' तर मराठी नसलेल्यांना जमतच नाही.

अंकशास्त्रासाठी जादा अक्षरं घालायची असतील तर एवढं लक्षात ठेवा : जन्मदाखला, आधार, शाळेची नोंद आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी ते जसंच्या तसं उतरलं पाहिजे. एका ठिकाणी एक 'ए' कमी पडला की दुरुस्तीचे हेलपाटे सुरू होतात.

पत्रिकेतल्या अक्षरावरून चांगलं नाव मिळत नाही. काय करावं?

२७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, म्हणजे एकूण १०८ चरणाक्षरं. त्यांत ङ, ञ, ण अशीही आहेत. त्यांनी सुरू होणारं नाव भाषेत नाहीच. हस्ताच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ, आणि उत्तराभाद्रपदेची दू, थ, झ, ञ. आर्द्रेचा 'घ' आला तर घोषा आहे, 'छ' आला तर छंदोवती. इतरत्र ओढाताण करण्यापेक्षा नावरस नाव (चरणाक्षरावरून पडणारं) पत्रिकेपुरतं ठेवावं आणि व्यवहारातलं नाव मोकळेपणाने निवडावं. ही पद्धत जुनीच आहे, त्यात परंपरा मोडत नाही.

लांब किंवा जोडाक्षरांचं नाव ठेवावं का?

लांबीची भीती नको, सुरुवातीच्या जोडाक्षराची थोडी असावी. 'ऋतंभरा' पाच वर्षांची मुलगी सहज म्हणते. 'त्विषा' आणि 'स्रग्धरा' मोठ्यांकडूनही 'तिषा' आणि 'सग्धरा' होतात. मोठ्या नावाचं घरगुती रूप आपोआप पडतं, म्हणून ते आपणच आधी ठरवून रूढ करावं. मग नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सलग मोठ्याने म्हणून पाहावं. आडनाव पाच अक्षरी असेल तर दोन-तीन अक्षरी नाव तोलाला बरं पडतं.

नाव ठरलं नाही, पण जन्माची नोंद करायची आहे. थांबावं का?

थांबू नये. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते आणि ती नावाशिवाय देता येते. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क लागत नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. पण लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे.

रुग्णालयात अर्ज भरताना घाईने 'बेबी' किंवा तात्पुरतं नाव लिहू नये. नावाचा रकाना कोरा ठेवलेला परवडतो. रिकाम्या जागी नाव घालणं सोपं, घातलेलं बदलणं अवघड.

नंतर नाव बदलता येतं का?

लेखनातली चूक असेल तर पुरावा देऊन निबंधकाकडे दुरुस्ती होते. पूर्ण नावच बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि मग प्रत्येक कागद त्याप्रमाणे बदलून घ्यावा लागतो. शाळेत नाव लागण्याआधी काय तो निर्णय घ्यावा.

जुळ्या मुलींना जोडीची नावं ठेवावीत का?

अर्थाची जोडी ठेवावी, नादाची नको. राका आणि अहना, म्हणजे पौर्णिमा आणि पहाट, हे छान जुळतं. एकाच अक्षराने सुरू होणारी, एका मात्रेचाच फरक असलेली नावं ठेवली तर वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख सारखीच असल्याने लसीकरणाच्या कार्डापासून परीक्षेच्या प्रवेशपत्रापर्यंत अदलाबदल होत राहते.

नाव पक्कं करण्याआधी शेवटची चाचणी कोणती?

ज्यांना नाव माहीत नाही अशा तिघांना फोनवर ते एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. तिघांनीही वेगळं लिहिलं तर मुलीला ते प्रत्येक खिडकीवर अक्षर-अक्षर सांगावं लागणार. दोघांनी बरोबर लिहिलं तर नाव चालेल. ही चाचणी बारशाच्या आदल्या दिवशी नको, निदान आठवडाभर आधी करा, म्हणजे यादीतलं दुसरं नाव तपासायला वेळ राहतो.